पैठणी, किल्ट आणि अटलांटिक

साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर माणसांआधी बॅगा नजरेत भरतात. विमानप्रवासाने आपल्याला काटकसर शिकवली आहे. लोणच्याची बरणी बसवायची तर बुटांची एक जोडी बाहेर काढायची. इथे ते गणितच नाही. ‘क्वीन मेरी 2’ने न्यूयॉर्कला निघालेल्या प्रवाशाने एकेक बॅग 23 किलोंच्या आत ठेवायची, पण बॅगा किती न्यायच्या याला मर्यादा नाही. खोलीत मावल्या की झालं. त्यामुळे रांगेत काय काय दिसतं! टोप्यांचे गोल डबे, दोन्ही हातांवर आडवी धरलेली गाऊनची लांबलचक पिशवी, नोकरीनिमित्त कायमचं न्यू जर्सीला निघालेल्या कुटुंबाचा अख्खा संसार. प्रत्येक बॅगेला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी अडकवलेली असते. हमाल त्या उचलून नेतात आणि संध्याकाळपर्यंत त्या आपापल्या दाराशी येऊन उभ्या राहतात.

या सामानातली मोठी जागा संध्याकाळच्या कपड्यांनी व्यापलेली असते.

बहुतेक क्रूझवर आता कपड्यांचं बंधन सैल झालं आहे. मुंबईहून 2021 पासून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलियावर जीन्स आणि टी-शर्टातली कुटुंबं निवांत जेवताना दिसतात. ‘क्वीन मेरी 2’ चालवणाऱ्या क्युनार्ड कंपनीने मात्र आपली रीत टिकवली आहे. संध्याकाळी सहा वाजले की जहाज कपडे बदलतं. रोजच्या संध्याकाळी पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि शक्यतो वर कोट, बायकांना चांगला ड्रेस किंवा स्कर्ट-ब्लाऊज. सात रात्रींच्या या प्रवासात साधारण दोन संध्याकाळी ‘गाला’च्या असतात. एखादी काळ्या-पांढऱ्या पोशाखाची, एखादी मुखवट्यांची. त्या दिवशी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय, बायकांसाठी गाऊन. याच नियमात एक वाक्य आपल्यासाठी फार मोलाचं आहे: आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो. म्हणजे पैठणी चालते, बंदगळा चालतो, शेरवानी चालते. भाड्याच्या दुकानातून दुसऱ्याच्या मापाचा काळा कोट आणून त्यात अवघडून बसण्याची काही गरज नाही. ज्यांना नटायचंच नाही त्यांच्यासाठी ‘किंग्ज कोर्ट’ हा बुफे आणि ‘गोल्डन लायन’ हा पब उघडा असतो, आणि तिथे कुणी नाक मुरडत नाही.

जहाज दुपारी उशिरा सुटतं, त्याआधी गाव पाहून घ्यावं. साउदॅम्प्टन पहिल्या नजरेत साधं वाटतं, मॉल आणि बसथांब्यांचं. पण मध्ययुगीन तटबंदीचे मोठे तुकडे अजून उभे आहेत आणि ‘बारगेट’ ही जुनी वेस भर बाजारात आहे. 1620 मध्ये ‘मेफ्लॉवर’ इथूनच निघालं, 10 एप्रिल 1912 ला ‘टायटॅनिक’ही इथूनच. टायटॅनिकचे बहुतेक खलाशी, भट्टीवाले आणि वाढपी याच गावचे होते. जहाज बुडालं त्या रात्री इथल्या पाचशेहून अधिक माणसांना समुद्राने नेलं. बागेत इंजिनिअरांचं स्मारक आहे. बुडत्या जहाजावर शेवटपर्यंत दिवे चालू ठेवणाऱ्या या माणसांपैकी एकही परत आला नाही. ते पाहून जहाजावर चढलेला माणूस पुढची गोष्ट गांभीर्याने करतो. जहाज सुटण्याआधी प्रत्येकाला आपली जमण्याची जागा पाहावी लागते आणि जीवरक्षक जॅकेट कसं बांधायचं ते शिकावं लागतं. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की कुठे जायचं, हे पाठ असलं पाहिजे. समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार 1914 मध्ये झाला तो टायटॅनिकमुळेच.

पहिल्या रात्री कुणी फार नटत नाही. ही जुनी रीत आहे. पूर्वीच्या जहाजांवर पेट्यांना चिठ्ठ्या लावत, ‘प्रवासात हवी’ आणि ‘प्रवासात नको’. नको त्या थेट तळघरात जात, हव्या त्या खोलीत यायला वेळ लागे. मग पेट्या उघडल्याच नसताना साजशृंगाराची अपेक्षा कोण करणार? शेवटच्या रात्रीही तेच, कारण पेट्या बांधून झालेल्या असत. क्युनार्डचं पहिलं जहाज ‘ब्रिटानिया’ 4 जुलै 1840 ला लिव्हरपूलहून निघालं, टपाल घेऊन. प्रवाशांना ताजं दूध मिळावं म्हणून त्यावर गाय होती. 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स याच जहाजाने अमेरिकेला गेला आणि खोली इतकी लहान की सामान आत शिरत नाही, अशी त्याने लेखी तक्रार करून ठेवली. आजच्या खोलीत कपाट ऐसपैस आहे, पलंगाखाली रिकाम्या बॅगा सरकवता येतात आणि भिंतीत ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही सॉकेट आहेत. आपला गोल पिनांचा चार्जर मात्र त्यात बसत नाही, अडॅप्टर सोबत हवा. औषधं आणि रात्रीचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवावा, मोठ्या बॅगा येईपर्यंत तेवढ्यावर भागतं.

जमीन दिसेनाशी झाली की या प्रवासाचं खरं रूप कळतं. मध्ये बंदर नाही, बाजार नाही, पाहण्याजोगं ‘स्थळ’ नाही. सुमारे 3,000 सागरी मैल नुसतं पाणी. सातव्या मजल्यावरच्या सागवानी डेकवर सकाळपासून फेऱ्या सुरू होतात, तीन फेऱ्या घातल्या की पावणेदोन किलोमीटर भरतात. जुलैतसुद्धा तिथे गरम कपडे लागतात, आणि न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला धुकं उतरलं की दर दोन मिनिटांनी भोंगा वाजत राहतो. लाकडी आरामखुर्च्यांवर म्हाताऱ्या बायका घोंगडी गुडघ्यांवर ओढून पुस्तकं वाचतात. जहाजाचं ग्रंथालय मोठं आहे, हजारो पुस्तकांचं, आणि तिथल्या खिडकीशेजारच्या खुर्च्या सकाळीच भरतात. जवळजवळ रोज रात्री घड्याळ मागे जातं. पश्चिमेला जाताना पाच रात्री एकेक तास मिळतो, दिवस पंचवीस तासांचा होतो.

अशा सलग पाण्यात दिवसाला कणा लागतो. दुपारी साडेतीनचा चहा आणि संध्याकाळचे कपडे, हे दोन टप्पे तो देतात. नटणं म्हणजे श्रीमंतीचं प्रदर्शन, असं किनाऱ्यावर वाटू शकतं. जहाजावर दोन-तीन दिवस काढल्यावर ते मत टिकत नाही. तिथे कपडे बदलणं म्हणजे आजची संध्याकाळ कालच्यापेक्षा वेगळी आहे, असं एकमेकांना सांगणं.

याची तयारी जिथे होते ती जागा सर्वांत रंगतदार. आगीच्या भीतीने खोलीत इस्त्री वापरायला परवानगी नाही. म्हणून वेगवेगळ्या मजल्यांवर फुकट वापरायच्या धुलाईखोल्या आहेत: यंत्रं, साबण, इस्त्रीचे टेबल. गालाच्या दुपारी ती खोली म्हणजे गावची चावडी होते. टी-शर्ट आणि स्लिपरमध्ये उभी असलेली माणसं कुणाची मुलगी कुठे असते, कुठल्या टेबलावर कोण भांडलं, याच्या बातम्या देत शर्टांच्या चुण्या सरळ करत असतात.

तिथे साताऱ्याकडच्या एक काकू भेटल्या. मुलीकडे बॉस्टनला निघाल्या होत्या, विमानात पाय सुजतात म्हणून जहाजाने. त्यांनी पैठणी मलमलच्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आधी इस्त्री तापू दिली, मग मंद केली, जरीवर तेच मलमल पसरलं आणि वरून अलगद फिरवली. घडी मोडून नव्या जागी घातली. “जरीची घडी कायम एकाच ठिकाणी घातली की तिथे ती तुटते,” त्या म्हणाल्या. “आणि अत्तर कधी जरीवर मारायचं नाही, काळी पडते.” शेजारच्या टेबलावर इन्व्हर्नेसचा एक उंच, पांढऱ्या मिश्यांचा गृहस्थ किल्टला इस्त्री करत होता. एकेक चुणी हाताने बसवून, कापडाच्या रेघेला रेघ जुळवून. त्याने काकूंना विचारलं, हे कापड किती लांब? काकूंनी सांगितलं, ही सहावार, पण माझी आई नऊवार नेसायची. तो एकदम खूश झाला. चांगल्या किल्टला आठ वार कापड लागतं, म्हणाला, सगळ्या चुण्या मागे. “आमच्या निऱ्या पुढे,” काकू म्हणाल्या आणि बोटांवर निऱ्या घालून दाखवल्या. त्याने त्या मोजल्या. मग दोघांनी एकमेकांचं कापड चिमटीत धरून पाहिलं, लोकर आणि रेशीम. त्याच्या बायकोने नंतर सांगितलं की आजोबांच्या किल्टला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

गालाच्या रात्री मधल्या मोठ्या जिन्यावर माणसं मुद्दाम सावकाश उतरतात. जिना त्यासाठीच बांधल्यासारखा आहे. पुरुष बहुतेक सगळे काळ्यात, त्यामुळे बायकांचे रंग उठून दिसतात. काकूंची जांभळी पैठणी आणि मोरांचा पदर जिन्याच्या मध्यावर आला तेव्हा एका अमेरिकन बाईने थांबवून विचारलं, हे मोर छापलेत की भरतकाम आहे? काकूंनी पदर उलटा करून दाखवला. हातमागाच्या अस्सल पैठणीची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असते, कारण मोर वेगळा भरलेला नसतो, तो विणतानाच धाग्यातून उमटतो. येवल्यात एका पदराला महिनोन्‌महिने लागू शकतात, हे ऐकून ती बाई पदराला बोट लावायलाही कचरली.

साडीची एक गोष्ट मला या जहाजावर नव्याने पटली. अटलांटिक शांत नसतो. जहाजाला स्थिरक आहेत, तरी लाट आडवी आली की उंच टाचांच्या बायका कठडा धरून उभ्या राहतात आणि लांब गाऊनचा घोळ पायात येतो. सहावारी पायापासून चार बोटं वर नेसता येते, खाली सपाट चप्पल चालते आणि पदराला दोन पिना जास्त लावल्या की डेकवरच्या वाऱ्यातही निभावते. नऊवारीचा काष्टा तर हलत्या जमिनीवर चालण्यासाठीच बनवल्यासारखा. फक्त चामड्याच्या कोल्हापुरी ओल्या डेकवर सटकतात, रबरी तळाच्या घ्याव्यात.

परक्या देशात आपला पोशाख टिकवण्याचा प्रश्न आपल्या बायकांनी या समुद्रावर फार आधी सोडवला आहे. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीर सांगितलं होतं की आपले आचार आणि पोशाख बदलणार नाही. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय पुरते झाकले जात नाहीत म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली, पण साडी सोडली नाही. 10 ऑक्टोबर 1885 च्या छायाचित्रात त्या, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी वैद्यकीय विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आज क्युनार्डच्या नियमावलीत जे वाक्य आहे, ते त्या तिघींनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अंगावर मिरवलं होतं. अठरा-वीस वर्षांच्या त्या मुलीचं धैर्य आठवलं की गाऊन घ्यावा का साडी, असा प्रश्न पडणंही लहान वाटतं.

जेवणाच्या टेबलावर आठ जण. ओळख नसलेली माणसं रोज त्याच जागी बसतात. आपल्याकडे पंगतीत बसलं की दुसऱ्या वाक्याला मुलं काय करतात, पगार किती, घर स्वतःचं का, इथपर्यंत मजल जाते. इंग्रज माणूस हवेपासून सुरू करतो, मग कुत्र्यांवर येतो. जहाजावर कुत्र्यांसाठी चोवीस घरं आहेत, आणि त्यांच्या डेकवर ब्रिटिश दिव्याचा खांब आणि अमेरिकन अग्निशामक नळ असे दोन्ही ठेवले आहेत, म्हणजे दोन्ही देशांच्या कुत्र्यांची सोय झाली. कुत्र्यांवरून सुरू झालेलं बोलणं तिसऱ्या रात्री कुणाच्या गेलेल्या नवऱ्यापर्यंत पोचलं. उशिरा खुलतात, पण खुलले की मनापासून बोलतात. त्यांची दुसरी रीत मला फार आवडली: आठही जणांसमोर ताट आल्याशिवाय कुणी काटा उचलत नाही. आपल्या पंगतीतही पूर्वी हेच होतं, बुफेने ते घालवलं. शाकाहारी जेवण उत्तम मिळतं, आधी कळवलं तर. तिखटाची सवय असलेल्याने मात्र मिरचीची छोटी बाटली टेबलावर मागून घ्यावी. दुपारच्या चहाला पांढरे हातमोजे घातलेले वाढपी स्कोन, मुरांबा, घट्ट साय आणि काकडीच्या सँडविचची तबकं घेऊन फिरतात. लाटेने पोट ढवळलं तर तेच लोक हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं आणून देतात.

जेवणानंतर क्वीन्स रूम. जहाजावर एवढा मोठा नाचाचा हॉल दुसरीकडे नाही, असं क्युनार्डवाले अभिमानाने सांगतात. वाद्यवृंद वाजतो आणि एकट्या आलेल्या बायकांना नाचता यावं म्हणून कंपनीने काही प्रौढ, शिष्ट पुरुष नेमलेले आहेत. त्यांनी कुणा एकीबरोबर जास्त वेळ नाचायचं नाही, असा दंडक आहे. ऐंशी ओलांडलेली एक विधवा बाई रोज रात्री निळ्या गाऊनमध्ये यायची, वॉल्ट्झचे दोन फेरे घ्यायची आणि थकून, समाधानाने बसायची. आपल्याकडच्या किती आजींना नवरा गेल्यावर अशी नटून संध्याकाळ घालवता येते? ती बाई नटली होती म्हणून सगळा हॉल तिच्याकडे आदराने पाहत होता. कपड्यांवर इतका वेळ आणि पैसा का घालवायचा, याचं मला मिळालेलं उत्तर ती बाई आहे.

खोली आवरणारा पोरगा गोव्यातल्या सासष्टीचा. माझ्या कपाटातली पैठणी पाहून त्याने कोंकणीच्या हेलात मराठीतच विचारलं, “मुंबईच्या काय तुम्ही?” त्याचे आजोबाही तारवटी, म्हणजे खलाशी, पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर. दोन नोकऱ्यांच्या मध्ये ते धोबीतलावच्या कुडीत राहायचे. कूड म्हणजे एकेका गोव्याच्या गावाने मुंबईत चालवलेलं वसतिगृह. जहाज मिळेपर्यंत खलाशी तिथे नाममात्र भाड्यात राहत, संध्याकाळी एकत्र प्रार्थना करत. इंग्रज प्रवाशांच्या डिनर जॅकेटांना ब्रश मारणाऱ्या, शर्ट कडक करून देणाऱ्या, टेबलं सजवणाऱ्या हातांत गोव्याचे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या नटण्याच्या परंपरेत आपला वाटा कपडे घालणाऱ्यांपेक्षा आधीपासूनचा आहे, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत. त्या पोराने पैठणीसाठी कपाटात जाड हँगरऐवजी स्वच्छ चादरीची घडी ठेवून दिली. टांगली तर जड पदर ओढला जातो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याची आई शिवणकाम करते.

शेवटच्या पहाटे सगळं जहाज डेकवर येतं. गाऊन आणि काळे कोट बॅगांत गेलेले, त्या बॅगा आदल्या रात्रीच बाहेर ठेवलेल्या. माणसं रात्रीच्या कपड्यांवर ओव्हरकोट चढवून उभी. जहाज व्हेराझानो पुलाखालून जातं तेव्हा धुराड्याचा माथा आणि पुलाची खालची कड यांत जेमतेम चार मीटर उरतात. हा पूल 1964 मध्ये वाहतुकीला खुला झाला, आणि जहाजाचं धुराडं त्याचा विचार करूनच बसकं बांधलं आहे. किल्टवाला गृहस्थ पायजम्यात, काकू स्वेटर आणि कानटोपीत. सगळ्यांच्या माना वर. मग स्वातंत्र्यदेवता, मग ब्रुकलिनचा रेड हुक धक्का. त्याच दिवशी खोल्या आवरून जहाज पुन्हा साउदॅम्प्टनच्या प्रवाशांना घेऊन निघतं.

हा प्रवास मनात असेल तर ब्रिटन आणि अमेरिका दोन्ही देशांच्या व्हिसाचं काम सर्वांत आधी करा, त्याशिवाय धक्क्यावरूनच परत यावं लागतं. बॅगेत एक बंदगळा, दोन चांगल्या साड्या, त्यांवर बसणारे ब्लाऊज करून पाहिलेले, भरपूर सेफ्टी पिना, डेकसाठी शाल आणि रबरी तळाच्या चपला घ्या. आणि लग्नातली पैठणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यासारखी जपली असेल तर ती याच प्रवासासाठी बाहेर काढा. तिला इतके कौतुकाचे डोळे आणि इतका मोठा जिना दुसरीकडे मिळणं कठीण आहे.